माळ, वारा आणि पंच

कोल्हापूर शहराची गर्दी मागे टाकून हुपरीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालेल्या वाटसरूला ज्या गावाची शीव लवकरच लागते, त्या गडमुडशिंगीची खूण विचारली असता कोणी शेजारच्या गांधीनगरच्या कापडपेठेकडे बोट दाखवील, कोणी उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी सांगेल. परंतु या दोहोंच्याही आधीपासून जो तेथे होता आणि ज्याच्या अंगावर हे दोन्ही उभे राहिले, त्या माळाचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. पंचगंगेच्या काठची काळी, उसाची जमीन संपून जेथे मुरूम वर येऊ लागतो, जेथे झाडे विरळ आणि वारा सलग असतो, अशा भूमीला महसुली दप्तरात जिराईत, पड अथवा गायरान यांपैकी जे नाव पडले असेल ते पडो. आकाशाच्या बाजूने पाहू जाता ती अव्वल प्रतीची जमीन होय. ज्या खेळाचा पूर्ववृत्तांत मी येथे सांगू इच्छितो, त्या खेळाला नेमकी हीच जमीन लागते. आणि ती मिळेनाशी झाली की तो खेळ, कोणाशी तंटाबखेडा न करता, हळूच उठून जातो.

लहान आकाराच्या प्रतिकृतिविमानांच्या मुक्त उड्डाणाचा तो खेळ. राष्ट्रीय छात्रसेनेतली मुले ज्याला नुसते ‘फ्री फ्लाइट’ म्हणतात, त्यात विमानाला ना तार असते, ना रेडिओचा लगाम. विमान बांधायचे, त्याचे वजन पुढेमागे सारून तोल साधायचा, शेपटी केसभर वाकवून त्याला वळण लावायचे, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि सोडून द्यायचे. सोडल्या क्षणापासून त्या वस्तूवरचा आपला सारा अंमल संपतो. कुस्तीत पकड सुटली की डाव हुकतो. येथे पकड सोडणे हाच डाव आहे. हात काढून घेतल्यावर जे घडेल ते निमूटपणे पाहायचे आणि त्याची खरी साक्ष द्यायची, एवढेच माणसाकडे उरते. म्हणूनच या स्पर्धेचा इतिहास जितका विमानांचा आहे, तितकाच, किंबहुना अधिक, तो साक्षीदारांचा आहे.

मनुष्याने स्वतः उडण्यापूर्वी त्याची खेळणी उडाली, ही गोष्ट आपण विसरून जातो. सर जॉर्ज केली या इंग्रज सरदाराने १८०४ साली पतंगाचाच पंख आणि मागे शेपूट अशा घडणीचे एक लहानसे ग्लायडर उतारावरून सोडून पाहिले, आणि पंख वेगळा, शेपूट वेगळी, हे आजच्या विमानाचे शरीर प्रथम त्या लहानशा वस्तूत दिसले. पुढे अल्फोन्स पेनो नावाच्या तरुण फ्रेंच संशोधकाने पिळलेल्या रबराच्या जोरावर पंखा फिरविण्याची युक्ती काढली, आणि १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी उद्यानात जमलेल्या जाणकारांसमोर त्याचे ‘प्लॅनोफोर’ अकरा सेकंद हवेत राहून सुमारे चाळीस मीटर गेले. अकरा सेकंद म्हणजे एक दीर्घ श्वास घेऊन सोडावा इतकाच काळ. पण कोणाच्याही हाताच्या आधारावाचून आपला तोल आपण सांभाळणारे यंत्र त्या काळात जगाने पाहिले. उपेक्षेने खचून पेनोने १८८० मध्ये, ऐन तिशीत, स्वतःचा अंत करून घेतला. त्याच्या अगोदर दोनच वर्षे, त्याच्याच कल्पनेवरून बनविलेले रबरावर उडणारे एक भिंगरीसारखे खेळणे अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले होते. त्या मुलांचे आडनाव राइट.

साक्षीचे महत्त्व किती, हे दोन लागोपाठच्या वर्षांची तुलना केली असता स्पष्ट होते. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी निर्मनुष्य विमान उडविले, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परंतु ते किती वेळ हवेत होते, किती अंतर गेले आणि हे कोणी मोजले, याची भरवशाची नोंद हाती नसल्यामुळे ती कथा अभिमानाच्या आणि उपहासाच्या दोन टोकांमध्ये आजही हेलकावे खात आहे. पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ रोजी, अमेरिकेत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँग्लीचे वाफेच्या यंत्रावर चालणारे निर्मनुष्य विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. त्या वेळी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेथे जातीने हजर होता, त्याने छायाचित्र घेतले आणि पाहिलेल्या गोष्टीची लेखी साक्ष प्रसिद्ध केली. दोघांच्या कर्तृत्वाचा न्याय करण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसते ते इतकेच की, एका उड्डाणाचा पंचनामा झाला आणि दुसऱ्याचा राहून गेला. आणि पंचनाम्यावाचून झालेले उड्डाण, ते कितीही उंच गेले असले तरी, इतिहासाच्या जमिनीवर उतरत नाही.

या पंचनाम्याला नियमांचे रूप आले ते स्पर्धांमुळे. विमानविद्येची आंतरराष्ट्रीय संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली. इंग्लंडातील प्रतिकृतिकारांनी १९२२ मध्ये आपला संघ बांधला. आणि लॉर्ड वेकफिल्ड या धनिकाने दिलेल्या करंडकासाठी १९२८ पासून रबरावर उडणाऱ्या विमानांची जी स्पर्धा सुरू झाली, तिचे नाव आजतागायत त्या विमानांच्या वर्गालाच चिकटले आहे. हा वेकफिल्ड वंगणतेलाचा व्यापारी. त्याच्या ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध तेलाच्या नावात जे कॅस्टर आहे, ते आपल्या घरातले एरंडेल होय. आणि स्पर्धक मंडळी रबराच्या पदराला शेकडो पीळ देण्यापूर्वी, तो घासून तुटू नये म्हणून, त्याच एरंडेलाचा हात त्याला लावीत. दात्याचे तेल आणि स्पर्धकाचे रबर यांची अशी गाठ पडावी, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

आरंभीचा नियम साधा होता: ज्याचे विमान अधिक काळ हवेत राहील तो जिंकला. पण या साध्या नियमात एक मोठा खाचखळगा होता. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर उठू लागतात. त्यांत सापडलेले विमान, ते चांगले असो वा सुमार, घारीसारखे गिरक्या घेत वर चढत जाते. १९३९ साली अमेरिकेत झालेल्या वेकफिल्ड स्पर्धेत डिक कोर्डा या तरुणाचे विमान अशाच एका स्तंभात शिरले आणि मिनिट-दोन मिनिटांच्या पिळावर निघालेले ते त्रेचाळीस मिनिटे आकाशात राहिले. करंडक त्याने रीतसर जिंकला, यात शंका नाही; तथापि, स्पर्धा कौशल्याची झाली की दैवाची, हा प्रश्न पंचांच्या पदरी पडला तो पडलाच. त्यावर कालांतराने निघालेली तोड मोठी शहाणपणाची आहे: एका उड्डाणाचा हिशेब साधारणपणे तीन मिनिटांपर्यंतच धरायचा, त्यापुढे विमान स्वर्गात जाऊन आले तरी जमेला काही नाही, आणि अशा फेऱ्या एक नव्हे, अनेक घ्यायच्या. जागतिक स्पर्धांत त्या सात असतात. एकदा दैव साथ देते, सातदा देत नाही. साती फेऱ्या पूर्ण भरणारे पुष्कळ निघाले, तर दिवस कलताना, हवा निवल्यावर, त्यांच्यापुरती निर्णायक फेरी होते आणि तीत काळाची मर्यादा वाढवीत नेतात.

मर्यादा घातली तरी विमान उतरले पाहिजे; नाहीतर तीन मिनिटांचे गुण पदरात पडून महिन्याची मेहनत आकाशात जाते. म्हणून एक गमतीची योजना निघाली. शेपटी एका बारीक दोऱ्याने जखडून ठेवायची आणि तिच्यापाशी धुमसती सुताची वात बांधायची. वात जळत जाऊन दोऱ्याला पोचली की दोरा तुटतो, शेपटी रबराच्या ओढीने तिरपी उभी राहते, पंखांचा उचलण्याचा गुण नाहीसा होतो आणि विमान पोट आडवे ठेवून, एखादे मोठे पान पडावे तसे, अलगद खाली येते. वातीची लांबी हेच घड्याळ. वाळलेल्या गवतात ठिणगी पडून वणवा लागू नये म्हणून ती वात एका नळीत अडकवून आपोआप विझेल अशी तजवीज करावी लागे. पुढे यंत्राचे आणि आता विद्युत् घड्याळ आले व वात इतिहासजमा झाली. तिन्ही प्रमुख वर्गांना हे साधन असतेच. पन्नास मीटर दोरीने पतंगासारखे वर ओढून सोडायचे ग्लायडर, ज्याचे वजन किमान चारशे दहा ग्रॅम असले पाहिजे, तो एफ-१-ए. रबराचे ते वेकफिल्ड, एफ-१-बी, ज्यात रबर तीस ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. आणि अवघी काही सेकंदे चालून बंद पडणाऱ्या अडीच घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे एफ-१-सी.

आता पंचांकडे वळू. कारण स्पर्धा भरविणे म्हणजे मुख्यतः पंच उभे करणे होय. प्रत्येक उड्डाणाला दोन कालमापक, दोघांच्या हाती स्वतंत्र घड्याळ, गळ्यात दुर्बीण. विमान सुटताच दोन्ही घड्याळे सुरू होतात, ते जमिनीला टेकताच थांबतात आणि दोघांच्या वेळेची सरासरी धरली जाते; कारण दोन प्रामाणिक माणसांनीही एकच क्षण एकाच क्षणी पाहिला असे होत नाही. विमान झाडाआड, घराआड वा ढगाआड गेले तर दहा सेकंद वाट पाहायची; पुन्हा दिसले तर मोजणी चालू, न दिसले तर घड्याळ थांबवून ते दहा सेकंद वजा करायचे. जे दिसले नाही त्याची साक्ष द्यायची नाही, हा न्यायाच्या कचेरीतला नियम येथे एका कागदी पंखासाठी पाळला जातो. वीस सेकंदांच्या आत विमान कोसळले तर तो प्रयत्न फसला असे समजून आणखी एक संधी मिळते. इतकी दया या कायद्यात आहे.

आपल्या मुलखाकडे पाहता, हा खेळ येथे येण्यास लागणारी भूमी आणि हौस दोन्ही होत्या. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालचा, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या पट्टीवर विमान उतरविले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांनी, दरबाराच्या इतर सुधारणांबरोबर, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सिद्ध केला तो १९३९ साली, म्हणजे कोर्डाचे विमान उष्ण हवेत चढले त्याच वर्षी. एका खंडातला प्रतिकृतीचा माळ आणि दुसऱ्या खंडातला खऱ्या विमानांचा माळ एकाच वर्षी गजबजले. संस्थाने गेली, राज्य आपले झाले, आणि १ एप्रिल १९५० रोजी राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेचे पहिले पथक मुंबईत व दुसरे कलकत्त्यात उभे राहिले. प्रतिकृती बांधणे व उडविणे हा त्या शाखेच्या शिक्षणाचा भाग झाला. त्याच सुमारास पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंगचे सरकारी केंद्र निघाले. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतले पिसासारखे हलके लाकूड महाग आणि परदेशी. तेव्हा ज्यांना ते परवडत नसे त्यांच्या कामी पतंगवाल्याची विद्या येई. बांबूची तासून गुळगुळीत केलेली कामटी, पतंगाचा ताव, खळ, आणि दोरी गुंडाळायला फिरकी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग घडविणाऱ्या हातांना कामटीचा तोल साधणे अवघड जाण्याचे कारण नव्हते. ज्याला दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधली केसभर जागा कळते, त्याला शेपटीचा केसभर बाकही कळतो.

अडचण होती ती माळाची. तारेने बांधलेले विमान उडविणाऱ्याभोवती गोल फिरते आणि शाळेच्या मैदानात मावते. रेडिओचे विमान बोलावल्यासरशी परत येते. मुक्त विमान मात्र तीन मिनिटांत वाऱ्याबरोबर एक-दीड किलोमीटर सहज जाते. म्हणून छात्रसेनेच्या मेळाव्यांतही तारेच्या आणि रेडिओच्या विमानांनी जो जम बसविला, तो मुक्त विमानांना राखता आला नाही. गडमुडशिंगीच्या परिसरात अशी स्पर्धा भरवायची झाली तर काय काय पाहावे लागेल, हे मनाशी योजून पाहण्यासारखे आहे. कारण या खेळात भूगोल हाच अर्धा नियम असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा माळावर उभे राहू देत नाही. दसऱ्यानंतर वारा पडतो, पण तेव्हा खालच्या शिवारात ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो, आणि उसात पडलेले विमान म्हणजे विहिरीत पडलेली सुई. गळीत हंगाम सुरू होऊन फडामागून फड तुटू लागले की रान मोकळे होत जाते. तेव्हा माघ-फाल्गुनातली सकाळ, नदीवरचे धुके विरल्यानंतरचे दोन-तीन तास, हा खरा मुहूर्त.

विमाने सोडण्याची रेषा आखायची ती वाऱ्याच्या मुळाशी, म्हणजे विमाने माळाच्या लांब अंगाने वाहत जातील. वारा फिरला की रेषाही फिरवायची, आणि ती फिरविल्याची नोंद वेळेसह वहीत करायची. युरोपात हवेचा उठाव ओळखण्यासाठी काठ्यांना चकचकीत फिती बांधतात, कोणी साबणाचे फुगे सोडतात. येथे गुऱ्हाळाचे धुराडे आयतेच आहे: धूर आडवा गेला तर थांबावे, क्षणभर थबकून सरळ उभा राहिला तर समजावे की जमीन श्वास सोडू लागली. त्याहून जाणती घार. नांगरून काळ्या पडलेल्या वावरावर तिने पंख न हलविता एक फेरा घेतला की दहा उड्डाणपटू तिच्याकडे मान वळवितात. आणि सर्वांत आधी, ज्यांच्या वावरातून मुले धावणार त्या खातेदारांना भेटून, बांध तुडविणार नाही, हरभरा मोडणार नाही, असा शब्द देऊन यायचे. रानातून विमान शोधून आणणारा पोरगा हा अशा स्पर्धेचा तिसरा पंच. त्याने विमान कोठून उचलले यावर पुष्कळदा वाद मिटतात.

परंतु हा माळ फार दिवस मोकळा राहणारा नव्हता. उघडी, सलग, शहराजवळची आणि रेल्वेला लागून असलेली जमीन ज्याला लागेल त्याला हवी असते. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा देण्यासाठी १९४३ मध्ये शेजारच्या वळिवड्याला छावणी बसली. १९४८ च्या सुमारास ते गेले आणि फाळणीने घरदार हरवलेले सिंधी बांधव आले, त्यातून गांधीनगर उभे राहिले. बेघरांना आधार देण्याइतकी जागा या माळाने दोनदा काढली, हे त्याचे पुण्यच. गोकुळ शिरगावाकडे कारखाने आले. १३७० मीटरची धावपट्टी १९३० मीटर झाली, तिच्या विस्ताराला गडमुडशिंगीच्या शिवारातली जमीन लागली, मोजणीचे दगड बसले, मोबदल्याच्या नोटिसा फिरल्या, आणि मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. जमिनीबरोबर तिच्यावरचे आकाशही संपादन झाले, ते मात्र सातबाऱ्यावर चढले नाही. विमानतळाच्या परिघात आज रेडिओचे खेळणे किंवा ड्रोन परवानगीवाचून उडविता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सत्तर प्रवासी घेऊन उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत कोणाची हौस येऊ नये. राजाराम महाराजांनी ज्या गुणासाठी हा माळ निवडला, त्याच गुणाने तो मोठ्या विमानांना मिळाला आणि धाकटी त्याला मुकली. यात अपराध कोणाचा नाही. थोरला भाऊ घरात आला की धाकट्याने ओसरीवर निजावे, तसा हा न्याय आहे.

गेल्या फाल्गुनात गावाच्या विमानतळापासून दूरच्या अंगाला, तुटलेल्या फडाच्या बांधावर मी घटकाभर बसलो होतो. समोर चार पोरे होती. जेवणाच्या थर्माकोलच्या थाळ्या कापून त्यांनी एक ग्लायडर केले होते. नाकाला वजन म्हणून सायकलचा नट दोऱ्याने आवळला होता. पहिल्या फेकीला ते उलटले. एकाने नट थोडा मागे सारला, दुसऱ्याने शेपटीला बोटाने किंचित बाक दिला, आणि तिसऱ्याने ओल्या बोटाने वारा पाहून ते सोडले. ते माणसाच्या डोक्यावरून गेले, उजवीकडे झुकले, एक अर्धा फेरा घेतला आणि अजून उभ्या असलेल्या शेजारच्या उसात नाहीसे झाले. दोघेजण मोठ्याने आकडे मोजीत होते. एक सातवर थांबला होता, दुसरा नऊपर्यंत गेला होता.

“नऊ झालं!” दुसरा ओरडला.

“आरं, उसात गेलं की! दिसायचं बंद झालं की मोजायचं बंद,” पहिला म्हणाला. “सातच.”

थोडी बाचाबाची झाली. ज्याने ते सोडले होते तो या वादात पडला नाही. तो उसाच्या कडेला वाकून पाचोळ्यात डोकावत होता. चौथा, वयाने सर्वांत लहान, मघापासून मातीत काडीने आकडे लिहीत बसला होता. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, क्षणभर विचार केला, आणि काडी टेकवून म्हणाला, “आठ लिव्हतो.”

आणि त्याने आठ लिहिले.